वंशावळीतल्या माणसांना नंबर कोणत्या पद्धतीने द्यावेत?

तुम्ही लिहिलंय की दोनशेएक माणसं जमलीत आणि १, १.१, १.१.२ ही टिंबांची पद्धत (मूळ पुरुष १, त्याचं पहिलं मूल १.१, त्या मुलाचं दुसरं मूल १.१.२) बरी वाटतेय. मलाही वाटली होती. ३४६ माणसं होईपर्यंत वाटली.

ही पद्धत जाक दाबोव्हिल या फ्रेंच माणसाची, १९४० सालची. मोह एवढाच की नंबर वाचला की नातं कळतं. तिच्या आधीची अमेरिकेतली हेन्री पद्धत टिंबांशिवायची. तिच्यात दहाव्या अपत्याला एक्स लिहितात. आमच्या खापरपणजोबांना दोन बायकांची मिळून अकरा मुलं, त्यामुळे ती बाद. टिंबांचाही एक्सेलमध्ये घोळ होतोच. १.१० लिहिलं की ते १.१ करून ठेवतं, दहावं मूल पहिलं होऊन बसतं. रकाना आधी टेक्स्ट करून घ्या.

तर आमचे पणजोबा १.३.२. त्यांचा थोरला मुलगा १.३.२.१, धाकटे म्हणजे माझे आजोबा १.३.२.२. मी मुलींनाही जन्मक्रमाने नंबर दिले होते. आमच्या कुळाच्या जुन्या छापील वृत्तांतात मुलींना नंबर नाही, बापाच्या नोंदीखाली एका ओळीत नाव आणि सासरचं गाव, बस्स. थोरल्या काकांना तेच बरोबर वाटायचं, पण टाइप मी करत होतो म्हणून ते गप्प होते.

मग गावच्या घराचा माळा साफ करताना पणजोबांचा रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, सापडला. मोडी लिपीत. वाचून घेतला, तर शके १८४१ च्या एका पानावर, तूप-गुळाच्या खर्चाशेजारी, ‘कन्या झाली’. म्हणजे १९१९-२०. थोरल्यानंतर आणि आजोबांच्या आधी. आजोबांना एक बहीण होती हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं. चार वर्षांनंतरच्या पानावर ‘मुलीस औषध, बारा आणे’. पुढे काही नाही. नाव कुठेच नाही.

आता ती १.३.२.२ झाली आणि आजोबा १.३.२.३. त्यांच्याखालचे सगळे सरकले, माझे वडील, काका, मी, माझी मुलगी, एकूण ११२ जण. मी फोटो आणि स्कॅन केलेल्या दाखल्यांच्या फाइलींना हेच नंबर दिले होते. दोन रविवार गेले, आणि तरीही आत्येच्या लग्नाचा फोटो भलत्याच बाईच्या नावावर राहिला.

काकांना आयतंच सापडलं. म्हणाले, “बघ. म्हणून जुने लोक मुलींना नंबर देत नव्हते. आणि जिला नाव नाही तिला नंबर कशाला?” मी म्हटलं, “काका, नाव नाही म्हणूनच नंबर हवा, नाहीतर तिला म्हणायचं काय?” ते चहा तसाच ठेवून उठले. त्या जागी लहानपणी गेलेला मुलगा सापडला असता तरी हेच झालं असतं, हे त्यांना अजून पटलेलं नाही. चूक मुलगी मोजण्याची नव्हती, नंबरात जन्मक्रम कोंबण्याची होती.

म्हणून माझं मत: माणसाला बिनअर्थाचा नंबर द्या. सापडेल तसा पुढचा आकडा, आणि एकदा दिला की बदलायचा नाही. ग्रॅम्प्ससारखं फुकटचं सॉफ्टवेअर हेच करतं. फाइलींवर तोच नंबर घाला. टिंबांचे नंबर शेवटी, छापायच्या दिवशी काढा. आमच्याकडे ती मुलगी आता ३४७ आहे आणि तिच्यामुळे कुणाचंही काही हललेलं नाही.

तुम्हाला खाली न येता फक्त स्वतःपासून वर जायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे स्वतः १, वडील दुप्पट, आई दुप्पट अधिक एक, ही १५९० पासूनची युरोपातली रीत उत्तम. त्यात नवीन कुणी सापडला तरी त्याची जागा ठरलेलीच असते. फक्त आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात. आमच्या आजी आजोबांच्या मामेबहीण, त्यामुळे आजोबांचे आईकडचे आजोबा १८ नंबर, आणि तेच गृहस्थ आजीच्या वडिलांचे वडील म्हणून २०. दोन्ही नंबर ठेवा, घाबरू नका.

दत्तकाचं राहिलंच. तो जन्मदात्याकडे आणि दत्तक घरात, दोन्हीकडे दाखवा, पण नंबर एकच. टिंबांत हे जमत नाही.

आणि हे सगळं जात पडताळणीसाठी चाललं असेल तर माझं उत्तर सोडून द्या. तिथे वडिलांकडची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लागते आणि नात्याचे पुरावे बघतात, नंबराचं काही नसतं. काकांनी त्यांच्यापुरती एक प्रत छापून घेतलीय. तिच्यात आजोबा १.३.२.२ च आहेत.