श्रीलंकेचा चहा जगात एवढा नावाजलेला का, आणि आपल्या वाण्याकडे तो का मिळत नाही?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: सिलोनच्या, म्हणजे श्रीलंकेच्या, काळ्या चहाचं एवढं नाव का, आणि तरीही तो आपल्याकडे का दिसत नाही. दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे, म्हणून एकत्रच सांगतो. मी दुबईजवळ जेबेल अलीला चहाच्या ब्लेंडिंगमध्ये, म्हणजे ठिकठिकाणचे चहा एकत्र मिसळण्याच्या, कामात आहे. केनिया, आसाम, मलावी, सिलोन असे सगळीकडचे नमुने रोज टेबलावर येतात, त्यामुळे फरक जिभेला माहीत आहे.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, आपण चहा उकळतो आणि श्रीलंका उकळायचा चहा जवळजवळ करतच नाही.

आपल्या वाण्याकडचा दाणेदार चहा, ममरी, डस्ट हा बहुतेक सगळा सीटीसी असतो. दातेरी रोलरांमधून पान चिरडून, फाडून त्याची गोळी वळली जाते. रंग झटकन सुटतो, कडक उतरतो, म्हशीचं दूध, साखर, आलं सगळं पचवतो. श्रीलंकेत सीटीसीचा वाटा दहा टक्केही नाही. बाकी सगळा माल जुन्या पद्धतीचा, ज्याला धंद्यात ऑर्थोडॉक्स म्हणतात. त्यात पान नुसतं पिळलं जातं, त्यामुळे रंग हळू उतरतो आणि वास टिकतो. हा चहा अमृततुल्यवाल्यासारखा पातेल्यात खळखळ उकळला तर वास वाफेबरोबर उडून जातो आणि खाली उरतो तो कडवटपणा.

कारखान्यात हे कसं चालतं ते सांगतो, कारण किमतीचं गणित तिथेच आहे. संध्याकाळपर्यंत खुडलेलं पान वरच्या मजल्यावर लांबलचक जाळीच्या हौदांत पसरतात आणि खालून पंख्याने हवा सोडतात. रात्रभरात पान सुकून मऊ पडतं, निम्म्याच्या आसपास वजन उतरतं. मूठभर पान आवळून सोडलं की गोळा लगेच न फुटता सावकाश उलगडायला हवा, ही तिथली तपासणी. पहाटे पितळी पट्ट्यांच्या गोल टेबलांवर पान वळायला घेतात. वळलेल्याचे लगदे फोडून चाळतात. चाळून निघालेल्या मालाला 'धूल' म्हणतात, पहिलं धूल, दुसरं धूल असं. मग ते पातळ थरात पसरून ठेवायचं. हिरवं पान तांबूस व्हायला लागतं आणि कच्च्या गवताचा वास जाऊन पिकल्या फळासारखा वास येतो. नेमकं कधी भट्टीत घालायचं हे टी-मेकर नाकाने ठरवतो. दहा-पंधरा मिनिटं इकडची तिकडे झाली तरी आमच्या कपात कळतं. भट्टीतून निघताना पानात तीनेक टक्के ओलावा उरतो. साडेचार किलोच्या आसपास ओलं पान घातलं की एक किलो चहा हाती लागतो.

आता नावाचं कारण. बेट एवढंसं, पण चहा समुद्रसपाटीजवळच्या गॉल-मातारापासून सहा हजार फुटांवरच्या नुवारा एलियापर्यंत पिकतो. व्यापारात त्याचे तीन भाग करतात: दोन हजार फुटांच्या खालचा लो-ग्रोन, चार हजारांपर्यंतचा मिड आणि त्याच्या वरचा हाय. शिवाय मधल्या डोंगररांगेमुळे दोन मोसमी वाऱ्यांचा खेळ होतो. नैऋत्येचा पाऊस पश्चिम उतारावरच्या डिंबुलाला झोडपतो, तेव्हा डोंगर ओलांडून पलीकडच्या उवा भागात कोरडा वारा पोचतो. महाबळेश्वरला धो धो आणि फलटणला नुसते ढग, तसं. त्या कोरड्या वाऱ्यात झाड अडतं, पान हळू वाढतं आणि जुलै ते सप्टेंबरमधल्या उवा चहाला पुदिन्याकडे झुकणारा एक थंड, तिखट वास येतो. जगात दुसरीकडे मी तो कुठल्याही चहात चाखलेला नाही. डिंबुला आणि नुवारा एलियाची पाळी जानेवारी ते मार्चमध्ये येते, वारा उलटा फिरल्यावर. म्हणजे एकाच देशाच्या मालात हलका सोनेरी कोरा चहा मिळतो आणि काळाकुट्ट, जाडजूड, लिंबू-साखर पेलणाराही मिळतो. केनियाचा माल कितीतरी जास्त, काळ्या चहाच्या निर्यातीत तो पहिला, पण बहुतेक एकाच साच्याचा सीटीसी. ब्लेंडर म्हणून मला केनियाशिवाय भागत नाही. स्वतःसाठी मात्र मी सिलोनच घेतो.

गंमत म्हणजे हे बेट आधी कॉफीचं होतं. 1869 मध्ये पानांवर तांबेरा आला आणि वीसेक वर्षांत कॉफीचे मळे उठले. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1867 मध्ये, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने कँडीजवळ लूलकंदुरा मळ्यात 19 एकरांवर चहा लावून ठेवला होता. 1883 पासून कोलंबोत लिलाव सुरू झाला आणि आजही दर आठवड्याला भरतो, फक्त 2020 च्या कोविडनंतर तो हॉलमधून संगणकावर गेला. देशाचं नाव 1972 मध्ये बदललं, पण चहावाल्यांनी 'सिलोन' सोडलं नाही. धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाच केला.

माल जातो कुठे? लंडनला जात असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. मोठी गिऱ्हाइकं आज इराक, रशिया, तुर्कस्तान, अमिराती, इराण, लिबिया ही आहेत. या लोकांना लांब, काळं, तारेसारखं वळलेलं पान आवडतं, काचेच्या छोट्या पेल्यात कोरा चहा लागतो, आणि तसं पान सखल भागात उत्तम होतं. त्यामुळे आज श्रीलंकेच्या उत्पादनात साठ टक्क्यांच्या आसपास वाटा लो-ग्रोनचा आहे. पर्यटक फोटो काढतात डोंगरावरच्या मळ्यांचे, देशाला डॉलर जास्त मिळतात ते दक्षिणेतल्या अर्धा-एक एकरवाल्या शेतकऱ्यांच्या पानावर. हे शेतकरी पान जवळच्या खासगी कारखान्याला घालतात, आणि लिलावातल्या भावाच्या 68 टक्के शेतकऱ्याला, 32 टक्के कारखान्याला असं सूत्रच ठरलेलं आहे. आपल्याकडचे ऊस आणि दूधवाले हे वाचून काय म्हणतील ते मला माहीत आहे.

इराणची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. घेतलेल्या तेलाचे 251 दशलक्ष डॉलर श्रीलंकेला चुकते करता येत नव्हते, त्यात इराणवर निर्बंध. डिसेंबर 2021 मध्ये ठरलं की तेवढ्या रकमेचा चहा पाठवून हप्त्याहप्त्याने फेड करायची.

त्याच वर्षी श्रीलंकेच्या सरकारने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्ष यांनी 2021 च्या मध्यात रासायनिक खतांची आयात एका झटक्यात बंद केली, सगळा देश सेंद्रिय करायचा म्हणून. वर्ष संपायच्या आत बंदी उठवावी लागली, पण चहाचं झाड असा धक्का लगेच विसरत नाही. 2021 मध्ये 30 कोटी किलोच्या जवळ असलेलं उत्पादन 2022 मध्ये 25 कोटींवर आलं. 2013 मध्ये ते 34 कोटी होतं, यावरून घसरण कळेल. अजूनही ते जुन्या आकड्याला पोचलेलं नाही. सेंद्रिय शेतीला माझा विरोध नाही, पण शंभर वर्षं खतावर वाढलेल्या मळ्याला सहा महिन्यांत सवय मोडायला सांगणं हा अडाणीपणा होता.

आणि किमतीचा शेवटचा भाग म्हणजे हात. दोन पानं आणि एक कळी खुडायला डोंगरउतारावर अजून बाईच लागते, साधारण आठवड्याने त्याच झुडपाशी परत. डोंगरावरच्या मळ्यांत या बायका बहुतेक मलयहा तमिळ, इंग्रजांनी तमिळनाडूतून नेलेल्यांच्या पुढच्या पिढ्या. 1948 च्या कायद्याने त्यांचं नागरिकत्वच गेलं. 1964 मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी केलेल्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर लाखो लोक भारतात पाठवले गेले, त्यातल्या काहींसाठी निलगिरीत सरकारी चहामळे उभे राहिले. उरलेल्यांतले कित्येक आजही इंग्रजांच्या वेळच्या 'लाइन', म्हणजे ओळीने बांधलेल्या, खोल्यांत राहतात. 2021 मध्ये दिवसाची मजुरी 1000 रुपये ठरली आणि 2024 मध्ये 1350, अधिक कामानुसार थोडं वर. हे श्रीलंकन रुपये आहेत, त्यातच मधल्या काळात त्यांचा रुपया गडगडलेला. मळेवाले म्हणतात परवडत नाही, बायका म्हणतात पोट भरत नाही, आणि त्यांची मुलं कोलंबोच्या दुकानांत कामाला जातात. मला विचाराल तर खतापेक्षा मोठा धोका हा आहे.

आता वाण्याचा प्रश्न. कोलंबोच्या लिलावातला भाव केनियातल्या मोंबासाच्या लिलावापेक्षा बराच वर असतो. भारतात चहाच्या आयातीवर 100 टक्के शुल्क आहे. श्रीलंकेला मुक्त व्यापार करारात वर्षाला दीड कोटी किलोपर्यंत सवलत आहे, पण आपलं उत्पादन सव्वाशे कोटी किलोच्या वर, त्यात ते काय दिसणार? शिवाय एवढे पैसे देऊन आणलेला चहा दुधात उकळणार कोण?

तरी घ्यायचाच असेल तर डब्यावर हातात तलवार घेतलेला सिंह बघा. तो श्रीलंकेच्या टी बोर्डाचा शिक्का आहे. आतला चहा शंभर टक्के तिथला आणि पॅकिंगही तिथलंच असेल तरच मिळतो. नुसतं 'सिलोन' लिहिलेला डबा आमच्यासारख्यांच्या गोदामातही भरला जातो, त्यात वाईट काही नाही, पण सिंह नसतो. बीओपी, बीओपीएफ, ओपी ही पानाच्या आकाराची नावं आहेत, दर्जाची नाहीत. दूध घालणारच असाल तर डिंबुलाचा बीओपीएफ आणा. पाणी उकळून गॅस बंद करा, कपाला एक सपाट चमचा, झाकण ठेवून चार मिनिटं, मग गाळून वरून थोडं गरम दूध. कोरा प्यायचा असेल तर ऑगस्टचा उवा, साखरेशिवाय.