वाचक विचारतात: जुन्नर फिरताना गाइड कुठे घ्यावा, कुठे नको?

आम्ही सहा जण, त्यात सत्तरीचे वडील. जुन्नरला दोन दिवस येतोय. दोन्ही दिवसांसाठी एकच गाइड ठरवावा का? (डोंबिवली)

नको. जुन्नरला येणारे बहुतेक जण इथेच फसतात. एका माणसाला दोन दिवस बांधून घेतात आणि मग किल्ल्यावर त्याला वाट नीट ठाऊक असते, पण लेण्यांत तो ‘पांडवांनी एका रात्रीत कोरलं’ म्हणून मोकळा होतो. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. ती बौद्ध आहेत आणि अनेक ठिकाणी दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. त्यात इरिल, चिट, चंद असे स्वतःला ‘यवन’, म्हणजे ग्रीक, म्हणवणारे दातेही सापडतात. हे दाखवणारा माणूस वेगळा आणि जीवधन किल्ल्याच्या कड्यावर हात देणारा वेगळा.

तुमच्यासाठी असं करा. पहिल्या दिवशी सकाळी सातला शिवनेरी. गाडी पहिल्या दरवाजाच्या जवळ जाते. पुढे सात दरवाजांची पायऱ्यांची वाट आहे. वडिलांसोबत थांबत थांबत दीड तास धरा, उतरायला एक. वाट सरळ आहे, चुकायला जागा नाही, त्यामुळे गाइड वाट दाखवायला नाही तर सांगायला हवा: शिवाई देवी, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव, कडेलोट. पश्चिमेची साखळीची वाट तुमच्यासाठी नाही. खोदलेल्या पावठ्या झिजल्या आहेत, पावसानंतर तर तिकडे फिरकूच नका. १९ फेब्रुवारीच्या, म्हणजे शिवजयंतीच्या आसपास किल्लाच टाळा. २०२५च्या जुलैमध्ये शिवनेरीसह बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून एरवीची गर्दीही वाढली आहे.

दुपारी पाडळीजवळची तुळजा लेणी. चढ थोडा आहे. इथलं एक दालन पाहिल्याशिवाय परतू नका: गोल चैत्यगृह (स्तूपाच्या पूजेचं दालन), मधोमध स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब. कार्ले-भाजे पाहिलेल्यांना लांबट, कमानदार चैत्यगृहाची सवय असते. इथे आत शिरल्यावर थेट प्रदक्षिणाच सुरू होते.

दुसऱ्या दिवशी लेण्याद्री. पायऱ्या तीनशेच्या आसपास, पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. माकडं प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात. प्रसाद पिशवीतून नेऊ नका, पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा. गणपतीचं दर्शन झालं की लोक उतरायला लागतात. शेजारचं सहाव्या क्रमांकाचं चैत्यगृह मात्र बघायचं राहून जातं.

नाणेघाटाचा शिलालेख पाहायचा आहे. मी प्राकृतची विद्यार्थिनी. गाइडशिवाय कळेल का? (नागपूर)

जागा सापडेल, लेख नाही. जुन्नरहून घाटघरमार्गे तीसेक किलोमीटर. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण लागतो. तिथून कोकणच्या बाजूला नाळेतून, म्हणजे अरुंद घळीतून, थोडं उतरलं की लेणं. लेख डाव्या-उजव्या भिंतींवर आहे, अक्षरं झिजली आहेत आणि समोरून पाहिलं तर नुसता खडबडीत दगड दिसतो. मोठी बॅटरी न्या आणि भिंतीला जवळजवळ समांतर धरा. तिरप्या उजेडात खाचेची एक कड सावलीत जाते आणि अक्षर उठून येतं. खडू चोळणं, पाणी मारणं असले उद्योग कोणी करत असेल तर थांबवा.

आधी आकडे शोधा, ते लवकर सापडतात. सातवाहन राणी नागनिकेच्या या लेखात यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: गायी, घोडे, कार्षापणं (तेव्हाची नाणी). दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. शंभराला आणि हजाराला स्वतंत्र चिन्हं, आणि त्यांना दुसरं चिन्ह जोडून चारशे किंवा दहा हजार. शून्य नाही, स्थानाप्रमाणे किंमत नाही. मग मागच्या भिंतीकडे वळा. तिथे राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत, पण वरची नावं आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे नागनिकाच), सिरि सातकणि, आणि त्यांच्यात एक ‘महारठि’. लेखाचा छापील पाठ सोबत असेल तर ब्राह्मी वाचणारा माणूस तासाभरात तुम्हाला ओळीवर आणून सोडतो. नसेल तर घाटघरचा वाटाड्या पुरे, वाचन तुमचं तुम्ही करा.

जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी हे सगळं विसरा. उलटा धबधबा पाहायला लोटलेल्या गर्दीत लेण्यात उभं राहायला जागा नसते, आणि पावसाळ्यात प्रशासन कधीकधी बंदीही घालतं. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. खालून, वैशाखरे गावाकडून चढलात तर अडीच-तीन तास.

आमच्या ऑफिसचे अठरा जण मानमोडीला जाणार आहेत. काय काळजी घ्यावी? (पुणे)

अठरा जण एकदम नका जाऊ. नऊ-नऊचे दोन गट करा. कारण आग्या मोहळ. मानमोडीच्या डोंगरात लेणी आहेत, तिथल्या कड्यांना पोळी लटकतात. सेंट, डिओ, उदबत्ती, सिगारेट, ड्रोन, आरडाओरडा, यांतलं एकही नको. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, माशी चिरडू नका: डंखासोबत जो वास सुटतो त्यानं बाकीच्या धावून येतात. तोंड-मान कापडानं झाकून आलेल्या वाटेनं लांब निघून जा. काटा नखानं किंवा कार्डाच्या कडेनं लगेच खरवडून काढा. श्वास लागला, ओठ सुजले तर थेट रुग्णालय, घरगुती उपाय करत बसू नका.

गाइड पारखायचा असेल तर फोनवर विचारा, ‘मानमोडीत लेण्यांचे किती गट?’ भीमाशंकर, अंबा-अंबिका, भूतलिंग ही तीन नावं न अडखळता आली नाहीत तर दुसरा बघा. पोळी सध्या कुठल्या गटावर आहेत हे ज्याला सांगता येतं, तो गेल्या महिन्यात तिकडे गेलेला असतो.

मानधन कसं ठरवावं? नंतर वाद होतात. (पनवेल)

वाद रकमेवरून क्वचित होतो, त्यात काय धरलंय यावरून होतो. पाच गोष्टी आधी मेसेजवर लिहून घ्या: दर माणशी की गटाचा, किती तासांचा, गाइडचं जेवण आणि गाडीतली जागा कोणाकडे, तिकिटं कोणाची, पावसानं रद्द झालं तर काय. जीवधनसारख्या ठिकाणी दहावर माणसं असतील तर एक पुढे, एक मागे असे दोघे घ्या. तिथे घासाघीस करून एक माणूस वाचवू नका.

घाटघरला मुक्काम करावा का? बिबट्याची भीती वाटते. (बेळगाव)

करा. फक्त माणसं किती ते आदल्या दिवशी कळवा, कारण भाजीपाला आणि किराणा बराचसा जुन्नरहून येतो. बिबट्याची खरी काळजी डोंगरात नव्हे तर खाली उसाच्या पट्ट्यात, जुन्नर-नारायणगाव-ओतूर भागात घ्यायची. अंधार पडल्यावर आणि पहाटे उसाच्या कडेनं एकट्यानं चालू नये, शेताकडेला वाकून किंवा उकिडवं बसू नये, मुलं मध्ये ठेवावीत, बॅटरी आणि गप्पा चालू ठेवाव्यात.

मुलांना खोडदची दुर्बीण दाखवायची आहे. (न्यू जर्सी)

शुक्रवार धरा आणि आधी परवानगी घ्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं, तेव्हा मुलांना जास्त मजा येईल. ही आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, चौदा मध्यभागी आणि बाकीच्या तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या. मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण आकाशातून येणारा रेडिओ संकेत इतका क्षीण असतो की खिशातला फोन त्याच्यापुढे ओरडतोच.

मासवडी कुठे मिळेल? दोनदा येऊन हुकली. (ठाणे)

आयत्या वेळी मागितलीत म्हणून हुकली. बेसन घट्ट शिजवायचं, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, लसूण, कांद्याचं भाजलेलं सारण पसरायचं, फडक्यासकट वळायचं आणि दाबून माशाचा आकार द्यायचा. गार झाल्याशिवाय वड्या कापल्या तर सारण बाहेर येतं. हे सगळं जेवायच्या वेळेला सुरू करून होत नाही. सकाळी किल्ल्यावर निघतानाच जिथे जेवणार तिथे सांगून ठेवा, रस्सा आणि बाजरीची भाकरी धरून. वडी ताटात वेगळी घ्या, रश्शात आधीच बुडवली तर विरघळते.