भाकीत, अंदाज की आडाखे?

अमेरिकेत राहणारे एक मराठी वाचक तिथल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मार्चमधल्या स्पर्धेवर मराठीत लेख लिहीत आहेत. स्पर्धेआधी टीव्हीवरचे तज्ज्ञ ब्रॅकेट, म्हणजे सगळ्या सामन्यांचा तक्ता, भरून कोण जिंकणार ते सांगतात. त्यांच्या या सांगण्याला भाकीत म्हणावे, अंदाज की भविष्यवाणी, आणि ‘माध्यमतज्ज्ञांची भाकिते किती अचूक?’ हे शीर्षक चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

भविष्यवाणी आधी बाजूला ठेवू. हिंदीत ती हवामानापासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे चालते. मराठी कानाला मात्र तिच्यात आकाशवाणीचा, दैवी बोलाचा सूर ऐकू येतो. आपण भविष्य ‘सांगतो’ किंवा ‘वर्तवतो’.

खरी निवड उरलेल्या शब्दांत आहे, आणि ती करताना मी शब्दासोबत येणारे क्रियापद पाहतो. अंदाज आपण बांधतो, घेतो, आणि तो चुकतो. भाकीत वर्तवतो, आणि ते खोटे ठरते. चुकणे आणि खोटे ठरणे यांतला फरक मोठा आहे. ज्याचा अंदाज चुकला त्याला आपण सहज माफ करतो, पण भाकीत खोटे ठरले की बोलणाऱ्याची पत जाते. हवामान खाते जे सांगते त्याला आपण ‘अंदाज’ म्हणतो. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पाऊसपाण्याबद्दल जे सांगितले जाते, त्याला बातम्यांत ‘भाकीत’ म्हणतात. विषय तोच, पाऊस. पण एकाचा आधार मोजमाप, दुसऱ्याचा संकेत. हा भेद भाषेने इतका नेमका जपला आहे याचे मला दरवेळी अप्रूप वाटते.

आता बास्केटबॉलच्या तज्ज्ञांकडे पाहू. पुरुषांच्या या स्पर्धेत 1985 मध्ये 64 आणि 2011 मध्ये 68 संघ झाले. सुरुवातीचे चार पात्रता सामने सोडले तर 63 सामन्यांचे निकाल आधी लिहून द्यायचे. नुसते नाणे उडवून भरायचे म्हटले तर शक्यता होतात 2 चा 63 वा घात, म्हणजे 92 वर 17 शून्ये. खेळाची जाण ही संख्या पुष्कळ कमी करते, पण सगळीकडे सारखी नाही. पहिल्या फेरीत चारही गटांत पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याशी खेळतो. 1985 ते 2025 या काळात असे 160 सामने झाले आणि पहिला मानांकित फक्त दोनदा हरला: 2018 मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला 74-54 असे हरवले आणि 2023 मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला 63-58 असे. त्याच फेरीत आठवा विरुद्ध नववा हा सामना मात्र जवळजवळ बरोबरीचा असतो. तिथे तज्ज्ञाचे मत म्हणजे अटकळच. पाचव्या-बाराव्याच्या लढतीत साधारण तीनांत एकदा बारावा जिंकतो, पण या वर्षी चारांपैकी कुठला, हे सांगण्यातच तज्ज्ञाचा कस लागतो.

2011 चे उदाहरण तर तुमच्या लेखात यायलाच हवे. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाला स्पर्धेत जागाच द्यायला नको होती, असे ईएसपीएन या क्रीडावाहिनीवरच्या जे बिलास यांच्यासारखे जाणते विश्लेषक बोलले. तोच अकरावा मानांकित संघ पात्रता सामन्यापासून खेळत, वाटेत कॅन्ससला हरवून, उपांत्य फेरीत पोचला. बिलास खेळ कोळून प्यायलेले आहेत. अज्ञान हे त्या चुकीचे कारण नव्हते. एका सामन्यात बाद होण्याची रचनाच अशी आहे.

याच तज्ज्ञांचे दुसरे एक काम पुष्कळ बरोबर येते. निवड समिती कोणते संघ घेईल हे विश्लेषक जो लुनार्डी आधी सांगतात, आणि बहुतेक वर्षी त्यांचे एकदोन संघच चुकतात. तिथे समितीचे निकष आणि हंगामभराचे निकाल समोर असतात, निम्म्याच्या आसपास जागा तर विभागीय विजेत्यांना आपोआप मिळतात. त्याला अंदाज म्हणावे, अगदी निःशंक.

भरलेल्या ब्रॅकेटसाठी मात्र मी ‘आडाखे’ सुचवेन. हा शब्द सहसा अनेकवचनीच येतो, आणि ब्रॅकेट म्हणजे एकात एक गुंतलेले 63 आडाखेच. पहिल्या फेरीतला एक चुकला की त्यावर बांधलेले पुढचेही कोसळतात. ‘होरा’ही चालेल, पण तो एका वाक्यातल्या एका मतासाठी: ‘तज्ज्ञांचा होरा चुकला.’ हा शब्द ज्योतिषातून आला. वराहमिहिराने त्याची फोड ‘अहोरात्र’मधली पहिली आणि शेवटची अक्षरे गाळून दिली आहे, अभ्यासक मात्र त्याचे मूळ ग्रीक मानतात. ‘भाकीत’ मी राखून ठेवेन तज्ज्ञाच्या छातीठोक विधानासाठी: ‘यंदा अमुकच संघ जिंकणार.’

शीर्षकातला ‘अचूक’ मला खटकतो. अचूक म्हणजे जिथे एकही चूक नाही ते. असे ब्रॅकेट पडताळून सिद्ध झाल्याची नोंद आजवर नाही. पडताळलेला विक्रम 2019 चा, पहिले 49 सामने सलग बरोबर. तेव्हा ‘अचूक ब्रॅकेट’ हा शब्दप्रयोग त्या न घडलेल्या गोष्टीसाठीच ठेवा आणि शीर्षक करा: ‘तज्ज्ञांचे आडाखे कितपत खरे ठरतात?’

ब्रॅकेटला ‘कंस’ म्हणू नका. आकार कंसासारखा असला तरी वाचक गणितात शिरेल. आपल्याकडे कबड्डी-खोखोत गटवारी असते, टेनिसच्या बातम्यांत ड्रॉ. ‘सामन्यांचा तक्ता’ असे एकदा सांगून पुढे ‘ब्रॅकेट’च वापरा. आणि भाकीतमधली ‘की’ दीर्घ, पण भाकिते, भाकिताचा, भाकितांवर यांत ऱ्हस्व. तुमच्या प्रश्नात ती बरोबरच आहे.