लेन्स पुरत नाही? मग रानच फोटोत घ्या

तुमची अडचण अशी की परभणीकडं जंगल नाही, हाताशी ७०-३०० मिमीची झूम लेन्स, जी लांबच्या पक्ष्याला पुरत नाही, आणि प्रत्येक फोटो पक्षी ओळखायच्या पुस्तकातल्यासारखा येतो. माझं ऐकाल तर जवळ जायचा नाद सोडा. दाट जंगलात झाडीआड काही दिसत नाही, आपल्याकडं नजर पोचेल तिथवर उघडं रान आहे. ते फोटोत येऊ द्या.

काळवीटच घ्या. मावळतीला तो तुमच्या आणि सूर्याच्या मधे आला की शिंगांच्या पिळाला, पाठीच्या केसांना उजेडाची कड येते. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) एक-दीड स्टॉप खाली आणा, म्हणजे उजेड निम्म्याहून कमी होईल, अंगावरचा तपशील काळोखात गेला तर जाऊ द्या. ज्वारी काढल्यावरची धसकटं, कडब्याची गंजी, बांधावरची बाभूळ आणि त्यात लहानसा काळवीट. लोक म्हणतील, "लईच बारीक आलाय." म्हणू द्या. तो पिकात चरतो, शेतकरी त्याच्यावर वैतागतो, हे क्लोजअपमध्ये कुठून येणार? (रानात शिरण्याआधी मालकाला विचारा. कळप कुठं बसतो हे बहुतेक वेळा तोच सांगतो.)

हिवाळ्यात पैठणला नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, सगळे रोहितांमागं (फ्लेमिंगोंमागं) पळतात. तुम्ही पट्टकादंब बघा, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेला हंसासारखा पाहुणा पक्षी. थवा उठला की शटर १/३० सेकंदावर ठेवून कॅमेरा थव्यासोबत फिरवा. ढीगभर फोटो वाया जातील, पण जमलेल्या एखाद्यात पंखांच्या नुसत्या रेषा उमटतात. पाणी उतरल्यावर काठाच्या उघड्या गाळात पेरणी होते (गाळपेर), तीही चौकटीत असू द्या.

पण माझा खरा जीव सुगरणीत. पावसाळ्यात विहिरीवर झुकलेली एखादी बाभूळ गाठा आणि हंगामभर तीच धरा. नर खोपा अर्धाच विणून थांबतो, तेव्हा तो टांगलेल्या टोपीसारखा दिसतो. मादी आली की नर खाली लटकून पंख फडफडवतात. तिला पसंत पडला तरच तो खोपा पुरा होतो, नाकारलेले तसेच लोंबत राहतात. या फडफडीला १/६० पुरे: डोकं बरंचसं स्थिर, पंख विरलेले. ऊन डोक्यावर असेल तर सरळ विहिरीत बघा, खोप्यांची प्रतिबिंबं पाण्यात असतात.

मादी अंड्यांवर बसली की मात्र लांबच थांबा. आड येणारी फांदी मोडू नका आणि मोबाइलवर पाखरांचा आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. त्या आवाजानं नराचं विणण्यावरचं लक्ष उडू शकतं.