आधी गठ्ठा, मग पिन

मागच्या अंकात झेरॉक्स मशीनच्या टोनरवर, म्हणजे शाईच्या भुकटीवर, लिहिलं होतं, पण त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं निघाली पिनांची. म्हणून या वेळी सगळी जागा पिनांना.

प्रश्न : शाळेत आता मोठं झेरॉक्स मशीन आहे. त्याच्या डाव्या बाजूला कपाटासारखा एक डबा जोडलेला आहे. प्रश्नपत्रिका त्यातून पिन मारूनच बाहेर येतात. घटक चाचणीच्या वेळी मी शेजारी उभी राहते. आधी सर-सर कागद जातात, बरोबरीने टप-टप होत राहतं, मग एक ‘खट्’, मग क्षणभर शांतता, आणि गठ्ठा बाहेर. आत नेमकं काय चालतं? ती शांतता कशाची? *– एक शिक्षिका, सातारा*

बाई, तुमचा कान मेकॅनिकचा आहे. मी १९९४ पासून या मशिनांच्या पोटात हात घालतोय. अजूनही कुठे दुरुस्तीला गेलो की झाकण उघडण्याआधी चार-पाच संच काढायला लावतो आणि नुसता ऐकत उभा राहतो. निम्मा आजार तिथेच कळतो.

उत्तरपत्रिका तपासून झाल्या की तुम्ही गठ्ठा कसा लावता ते आठवा. दोन्ही हातांत सैल धरून टेबलावर उभा ठोकता, फिरवून आडवा ठोकता, कडेवरून बोट फिरवून बघता, आणि मग बांधता. तुमच्या त्या डब्यात हेच चालतं. आम्ही त्याला फिनिशर म्हणतो. पिन मारणारा भाग त्यात मुठीपेक्षा थोडा मोठा असेल. बाकीचा सगळा पसारा गठ्ठा ठोकायला आणि तो उचलून बाहेर ठेवायला.

‘सर-सर’ म्हणजे कागदाचा प्रवास. हीटरखालून निघालेला गरम कागद रोलरांच्या जोड्यांमधून फिनिशरच्या तोंडाशी येतो. तिथला सेन्सर ‘आला’ म्हणून कळवतो. पुढे रेल्वेच्या सांध्यासारखी एक हलती पट्टी असते. पिन नको असेल तर ती कागद सरळ बाहेरच्या ट्रेकडे वळवते. पिन हवी असेल तर आतल्या एका तिरक्या पत्र्याकडे. हा पत्रा बाहेरून दिसत नाही, पण सगळा खेळ त्याच्यावर. त्यावर पानं पालथी पडतात, पहिलं पान सगळ्यांत खाली. म्हणजे गठ्ठा उलटला की क्रम आपोआप बरोबर. पहिलं पान खाली असल्यामुळे पिनही खालून वर घुसते. तिची सरळ पाठ तुम्हाला पहिल्या पानावर दिसते आणि दुमडलेले पाय शेवटच्या पानामागे, ते याचमुळे.

आता ठोकणं. पत्र्याला उतार आहे खरा, पण ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅमचा) ए-फोर कागद भरतो जेमतेम ५ ग्रॅम. तो स्वतःच्या वजनाने कितीसा घसरणार? म्हणून वर एका दांडीवर रबरी पाती बसवलेली असतात. कागद आला की दांडी एक गिरकी घेते, पाती कागदाला मागे ढकलतात आणि त्याची कड मागच्या अडणीला टेकते. हा झाला उभा ठोका. लगेच दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कागदाच्या रुंदीपेक्षा थोडं आत येऊन त्याला चापतात आणि पुन्हा मोकळ्या होतात. हा आडवा ठोका. तुमची ‘टप-टप’ ती हीच. संच पुरा झाल्यावर एकदाच नाही, दर कागदाला एक टप. बारा कागदांचा संच असेल तर बारा. पुढच्या चाचणीला मोजून बघा.

मग स्टेपलर आपल्या रुळावरून ठरलेल्या जागी सरकतो, त्याची मोटर एक फेरा मारते आणि ‘खट्’. कडेला दोन पिना हव्या असतील तर एक मारून तो सरकतो आणि दुसरी मारतो. शेवटी फिरत्या पट्ट्यावरचा एक हुक गठ्ठ्याला मागून ढकलून बाहेर काढतो.

आणि शांतता? मिनिटाला ४५ पानं काढणाऱ्या मशीनमध्ये दर सव्वा-दीड सेकंदाला एक कागद येत असतो. पिन मारून गठ्ठा हलेपर्यंत पुढच्या संचाचं पहिलं पान दारात येऊन उभं राहतं. ते तसंच आत सोडलं तर आधीच्या गठ्ठ्यावर जाऊन पडेल. महागडे फिनिशर अशा वेळी पहिलं पान वाटेतच एका वळणावर रोखतात, सिग्नलबाहेर गाडी उभी करतात तसं. दुसरं पान आलं की दोन्ही एकावर एक ठेवून एकदम आत सोडतात, आणि छपाईला थांबावं लागत नाही. साध्या फिनिशरमध्ये अशी थांबायची जागा नसते. तिथे मशीन छपाईच क्षणभर थांबवतं. तुमचं मशीन या दुसऱ्या जातीचं दिसतं. बिघाड नाही, निर्धास्त राहा.

मी कामाला लागलो तेव्हा फिनिशरच्या जागी ‘सॉर्टर’ असायचा, डाकेच्या खणांसारखा २० कप्प्यांचा. तेव्हाची मशिनं पान लक्षात ठेवत नसत. पहिल्या पानाच्या २० प्रती काढून वीस कप्प्यांत एकेक टाकायच्या, मग दुसऱ्या पानाच्या. एकविसावा संच हवा असेल तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आता पान एकदा स्कॅन होऊन मेमरीत बसतं, म्हणून अख्खा संच सलग निघतो आणि सगळ्या संचांना एकच पत्रा पुरतो. त्या कप्प्यांचा खडखडाट मला अजून आवडतो, पण तो दुरुस्त करणं म्हणजे वैताग होता.

प्रश्न : माझं झेरॉक्सचं दुकान आहे, मुख्य काम स्पर्धा परीक्षांच्या नोट्सचं. पिनांची नवी पेटी घातली की पहिले दोन-तीन संच बिनपिनेचे निघतात. आणि पेटी महाग पडते, त्यात बाजारातल्या साध्या पिना भरता येतील का? *– दुकानदार, सदाशिव पेठ, पुणे*

नाही. कारण ऐकलंत तर पुन्हा विचारणार नाही.

टेबलावरच्या स्टेपलरची पिन, मग ती १० नंबरची असो की २४/६ ची, आधीच वाकवलेली असते. तुमच्या मशीनच्या पेटीत वाकवलेली पिन नसतेच. असतात सरळ तारा, एकमेकींना गोंदाने चिकटवलेल्या. जुनी पेटी फेकण्याआधी उरलेली पट्टी काढून नखाने तोडून बघा, बारीक काड्यांच्या चटईसारखी दिसेल. अशा चपट्या पट्ट्यांची चळत रचली म्हणून एवढ्याशा पेटीत ५००० पिना मावतात. वाकवलेल्या भरायच्या तर डबा केवढा लागेल!

तारेची पिन होते ती मारण्याच्या त्या एका ‘खट्’मध्ये. पुढची एक तार सुटी होते, ठोकळ्यावर दाबून तिचे दोन्ही पाय वाकवले जातात, मागोमाग एक पातं तिला कागदांतून आरपार ढकलतं, आणि पलीकडे दोन चिमट्या तिचे पाय सपाट दुमडतात. टेबलावरच्या स्टेपलरने मारलेल्या पिनेचे पाय कमानीसारखे फुगलेले असतात. मशीनच्या पिनेवरून बोट फिरवलं तर ती कागदाला चिकटलेली लागते. म्हणून तुमच्याकडचे शंभर संच एकावर एक ठेवले तरी पिनेचा कोपरा डोंगरासारखा वर येत नाही.

आता बिनपिनेचे संच. नवी पेटी घातल्यावर पट्टीचं टोक पातं जिथे असतं तिथपर्यंत पोचलेलं नसतं. काही मशिनं पेटी बसवताच स्वतःच चार-पाच वेळा रिकामं ‘खट्-खट्’ करून पट्टी पुढे ओढतात, काही करत नाहीत. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं. पेटी बदलली की दोन-दोन कोऱ्या कागदांचे चार संच काढा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नोट्सवर प्रयोग होणार नाही.

स्वस्तातल्या पट्ट्यांबद्दल माझं मत वाईट आहे. गोंद कमी पडला की तार आधीच सुटते आणि तोंडाशी आडवी होते. मग पेटी बाहेर काढून पुढची झडप उचलायची आणि वाकडी झालेली पट्टी मुळापासून काढायची. अर्धी तोडून उरलेली आत ढकललीत तर पुन्हा अडकणार. आणि हे करताना दार उघडंच राहू द्या. दाराशी एक खटका असतो, दार उघडलं की आतल्या मोटरांची वीज तोडतो. एकदा मी शहाणपणा केला. दार उघडं ठेवून स्टेपलर चालताना बघायचा म्हणून त्या खटक्यात व्हिजिटिंग कार्ड दुमडून खोचलं. डाव्या अंगठ्यावर अजून दोन ठिपके आहेत.

प्रश्न : उर्दू माध्यमाच्या शाळेत लिपिक आहे. आम्हाला पिन उजव्या वरच्या कोपऱ्यात लागते. मशीन कधी बरोबर मारतं, कधी खालच्या डाव्या कोपऱ्यात. *– एक वाचक, मालेगाव*

स्टेपलर कागदाच्या एकाच कडेच्या रुळावर फिरतो, समोरच्या कडेला तो जाऊच शकत नाही. मग उजवा कोपरा कसा साधतो? मशीन कागद फिरवत नाही, मेमरीतलं चित्र उलटं फिरवून छापतं. डोकं खाली गेलं की त्याच कडेवरचा डावा खालचा कोपरा वाचणाऱ्यासाठी उजवा वरचा होतो. पण त्यासाठी मूळ प्रतीचं डोकं कुठल्या बाजूला आहे हे त्याला ठाऊक असावं लागतं. ते उर्दू वाचत नाही. मराठीही वाचत नाही. स्क्रीनवर मूळ प्रतीची दिशा विचारणारं बटण असतं, तिथे तुम्ही सांगाल ते खरं मानून चालतं.

तेव्हा पिनेच्या चित्रांमधून उजवा वरचा कोपरा निवडा, मूळ प्रतीची दिशा दर वेळी तपासा, आणि प्रत रोज एकाच बाजूने ठेवा. तुमचं ‘कधी बरोबर, कधी नाही’ हे बहुधा दोन माणसं दोन तऱ्हेने प्रत ठेवतात म्हणून. लीगल कागद काही मशिनांत याच कामाला नकार देतो, कारण तो आखूड बाजूनेच आत जातो.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या कार्यालयातल्या मशीनचे गठ्ठे वेडेवाकडे होतात, मधलीच दोन-चार पानं बाहेर डोकावतात. मेकॅनिक म्हणतो फिनिशर बदला. *– एक वाचक, चिपळूण*

थांबा, आधी कागद बदला.

कागद हवेतला ओलावा पितो. चिपळुणात जुलैमध्ये उघडं पडलेलं रिम हातात घेतलं तरी मऊ लागतं. असा कागद जवळजवळ २०० अंशांच्या हीटरखालून जातो, ओलावा एकदम उडतो आणि कागद पापडासारखा वळतो. वळलेला कागद पत्र्यावर सपाट बसत नाही. रबरी पाती त्याच्या कमानीवर घासतात, पण कड मागे टेकत नाही. बाजूच्या पट्ट्या चापतात, तेव्हा तो सरकायच्या ऐवजी आणखी फुगतो. मग पिन जिथे बसायची तिथे बसते, आणि पानं राहतात तिथेच.

रिमच्या वेष्टनाला आतून ओलावा अडवणारा थर असतो, म्हणून ते गरजेपुरतंच फोडा. ट्रे काठोकाठ भरू नका. रात्री उरलेला कागद काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. तरीही वळत असेल तर ट्रेमधला गठ्ठा पालथा करून बघा, कित्येकदा एवढ्यावर भागतं. ट्रेमधल्या बाजूच्या सरकत्या पट्ट्याही कागदाला टेकवा. त्या सैल असतील तर कागद तिरका निघतो, आणि तिरक्या कागदाला पुढे कितीही ठोका.

एवढं करूनही फरक नाही पडला, तर रबरी पाती बघायला सांगा. वर्षानुवर्षं कागदाची धूळ बसून ती गुळगुळीत आणि कडक होतात. ओल्या फडक्याने पुसून तात्पुरतं काम चालतं, पण मग ती बदलायचीच. अख्ख्या फिनिशरपुढे तो खर्च काहीच नाही. आणि हो, बाहेर पडायच्या तोंडाशी काळ्या केसांची झालर दिसली तर कचरा समजून उपटू नका. कागदावरची स्थिर वीज काढायला ती असते. एका शिपायाने ती स्वच्छतेच्या भरात साफ भादरली होती, तेव्हा हिवाळाभर कागद एकमेकांना चिकटून बसत होते.

प्रश्न : रिकंडिशन मशीन घेतोय. फिनिशर ठीक आहे हे दुकानात कसं ओळखायचं? *– एक वाचक, जालना*

कोपऱ्यात एक पिन मारून दाखवतील, त्याला भुलू नका. तुमच्या नेहमीच्या कागदाचं रिम सोबत न्या. तीस कागदांचे पाच संच काढायला लावा, कडेला दोन पिना मारून. मग पन्नास कागदांचा एक संच. साध्या फिनिशरची मर्यादा साधारण तेवढीच असते, आणि त्याहून जास्त कागद दिले तर तो पिन न मारताच संच सोडून देतो, तेव्हा त्यावरून भांडू नका. संच हातात आले की कड डोळ्यांसमोर धरून बघा, पिनेचे पाय दोन्ही बाजूंना सपाट बसलेत का ते बोटाने तपासा. आणि हे सगळं होत असताना विक्रेता बोलत असेल तर त्याला दोन मिनिटं गप्प बसायला सांगा. टप-टप एकसारखी ऐकू यायला हवी.