गिअरबॉक्स मुळात कोणता होता, ते ठशांवरून ठरतं. ४०१(के) चं कर्ज त्यानंतर

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये नोवीला राहतो, माझं वय ४६. गेल्या वर्षी ३८,००० डॉलरना १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो एसएस ३९६ घेतली. रिस्टोरेशनसाठी ती सध्या पूर्ण उघडली आहे. गाडीत मन्सी फोर-स्पीड मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. वर्कशॉपचं म्हणणं असं, की गाडी मुळात फोर-स्पीडच होती, बॉक्स तेवढा नंतर बदलला. फेब्रुवारी १९६९ च्या तारखेचा एम२१ (मन्सीचाच एक प्रकार) शोधून ‘नंबर्स मॅचिंग’ (भागांवरचे नंबर गाडीशी जुळतील असं) करून द्यायचे ते ११,५०० डॉलर मागतात. आहे तोच बॉक्स खोलून नीट करायचा तर २,९००, ऑटोमॅटिक बसवायचा तर ४,८००. ११,५०० साठी ४०१(के) या निवृत्ती खात्यातून कर्ज काढू का? चार वर्षांनी मुलीच्या कॉलेजच्या वेळी गाडी विकून पैसे मोकळे करायचा विचार आहे. ठशांचे फोटो जोडले आहेत. ब्लॉकवर टी०२१०जेजी, गिअरबॉक्सवर पी९डी२२बी, काउल टॅगवर (इंजिनमागच्या पत्र्यावरच्या बॉडीच्या पट्टीवर) ०२डी आणि एक्स६६.

उत्तर : कर्ज काढू नका, आणि ११,५०० चं कामही देऊ नका. तुम्हाला हवं ते उत्तर तुमच्याच फोटोंमध्ये आहे.

ब्लॉकपासून सुरुवात करू. ‘टी’ म्हणजे टोनावांडाचा इंजिन कारखाना, ०२१० म्हणजे १० फेब्रुवारी. शेवटची दोन अक्षरं महत्त्वाची. १९६९ च्या कॅमॅरोत ३२५ अश्वशक्तीच्या ३९६ इंजिनावर मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी जेयू असा ठसा असायचा आणि टर्बो ४०० ऑटोमॅटिकसाठी जेजी. तुमचं इंजिन जेजी, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीचं आहे. काउल टॅगवरचं ०२डी म्हणजे फेब्रुवारीचा चौथा आठवडा, म्हणजे इंजिन आणि बॉडीच्या तारखा नीट जुळतात. एक्स६६ मुळे गाडी खरी एसएस ३९६ असल्याचं कळतं, पण गिअरबॉक्सबद्दल तो टॅग काहीच सांगत नाही. चॅसिस नंबरही सांगत नाही.

आता गिअरबॉक्सचा ठसा. पी म्हणजे मन्सी, ९ म्हणजे १९६९, डी म्हणजे एप्रिल, २२ ही तारीख आणि बी म्हणजे एम२१. फेब्रुवारीत लाइनवरून उतरलेल्या गाडीत २२ एप्रिलला तयार झालेला बॉक्स कारखान्यात बसणं शक्य नाही. ‘पण मन्सी १९६९ चाच आहे ना’ असा युक्तिवाद कोणी केला, तर तो इथेच संपतो. केसवरच्या ओतीव नंबरवर विसंबू नका. तोच नंबर काही वर्षं चालतो, त्यामुळे तो काळ दाखवतो, गाडी दाखवत नाही.

जेजीचा ठसाच बनावट असला तर? शंका रास्त आहे. उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडसमोरचा पॅड रॉकेलने पुसा (ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका) आणि तिरप्या उजेडात बघा. कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या (यंत्राने पृष्ठभाग सपाट कापण्याच्या) बारीक समांतर रेषा पुढून मागे सलग दिसायला हव्यात. गोल घासल्याच्या खुणा दिसल्या तर सावध व्हा. मात्र पैशासाठी खोटा ठसा मारणारा ३७५ अश्वशक्तीचा जेएच मारतो. सर्वात साध्या ३९६ चा, तोही ऑटोमॅटिकचा ठसा मारायला कोण कष्ट घेईल? त्याच पॅडवर किंवा ऑइल फिल्टरच्या वरच्या खडबडीत जागेवर १९एन ने सुरू होणारा अर्धा चॅसिस नंबर शोधा. तो तुमच्या गाडीच्या नंबराशी जुळला, तर गाडीतली सर्वात मोलाची गोष्ट तुमच्याकडे आधीच आहे : तिचं जन्मापासूनचं इंजिन. मशीन शॉपला लेखी कळवा, की ब्लॉकचा डेक (सिलिंडर हेड बसतो तो पृष्ठभाग) घासायचा नाही. घासला तर हा ठसा गेला, आणि त्याची भरपाई कोणी देत नाही.

गाडी उघडलेली आहे तोवर आणखी तीन जागा तपासा. त्याला खर्च नाही. गिअरबॉक्सवरच्या फरशीच्या बोगद्यावरचा फोर-स्पीडचा उंचवटा कारखान्यात वेगळा पत्रा बसवून वेल्ड केलेला असे. खालून टॉर्चने कापलेल्या वेड्यावाकड्या कडा दिसल्या, तर तो नंतरचा उद्योग. क्रँकच्या मागच्या टोकाचं पायलट बुशचं भोक पूर्ण मापाला बोअर केलंय का, ते पाहा. ऑटोमॅटिकसाठीच्या काही क्रँकमध्ये ते अर्धवटच सोडलेलं असे. तिसरी जागा स्टिअरिंग कॉलम. १९६९ मध्ये जीएमने इग्निशनची किल्ली कॉलमवर आणली आणि मॅन्युअल गाड्यांत रिव्हर्सच्या लिव्हरपासून कॉलमपर्यंत एक दांडा जोडला. रिव्हर्स टाकल्याशिवाय किल्ली निघत नाही ती त्यामुळे. तो दांडा आणि त्याची कॉलमवरची जोडणी गाडीत नसेल, तर जेजीला आणखी एक साक्षीदार मिळाला.

कागद मिळाले तर उत्तमच. इंधनटाकीच्या वर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत बिल्ड शीट अडकलेली सापडते. वॉरंटी पुस्तिकेतल्या धातूच्या प्रोटेक्ट-ओ-प्लेटवर इंजिन, गिअरबॉक्स आणि अॅक्सलचे कोड असतात. नकली प्लेट विकत मिळते, म्हणून प्लेटवरचे कोड ठशांशी ताडून घ्या. फोर्ड असती तर गाडी मुळात कशी बनली ते सांगणारा मार्टी रिपोर्ट मागवता आला असता, पॉन्टिअॅक असती तर पीएचएस या संस्थेकडून तसेच कागद मिळाले असते. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेसाठी अशी सोय नाही. तुमची गाडी मुळात कॅनडात विकली गेली असेल, तर जीएम कॅनडाकडून मूळ माहिती विकत मिळते. नोवीपासून ओंटारियो लांब नाही, तेव्हा जुने मालकीचे कागद एकदा चाळून पाहा.

आता पैशाचा हिशेब. ११,५०० डॉलर देऊन तुम्हाला फेब्रुवारीच्या तारखेचा दुसऱ्या कुणाच्या गाडीतला एम२१ मिळेल. ग्राहक जो जास्तीचा भाव देतो, तो जन्मतः फोर-स्पीड असलेल्या आणि तसा पुरावा असलेल्या गाडीला. तुमच्या इंजिनावर जेजी असताना जाणकार ग्राहक पाच मिनिटांत दर पाडेल. ‘नंबर जुळवून देणं’ म्हणजे केसवर तुमचा अर्धा चॅसिस नंबर नव्याने ठोकणं असेल, तर त्याच्या वाटेलाही जाऊ नका. वाहनाचा किंवा त्याच्या भागाचा ओळख क्रमांक जाणूनबुजून बदलणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे, आणि अशी गाडी ‘ओरिजिनल’ म्हणून विकणं ही सरळ फसवणूक.

ऑटोमॅटिकचे ४,८०० मात्र उगाच नाहीत. तुमची मूळ टर्बो ४०० गाडीसोबत आलेली नाही, त्यामुळे नंबर जुळणार नाहीत, पण गाडी आपल्या जातीची होईल. विक्री हाच एकमेव हेतू असता, तर मी हाच पर्याय सुचवला असता. तुमच्या पत्राच्या सुरावरून तुम्हाला क्लच हवाय असं दिसतं. मग २,९०० चा पर्याय घ्या, आणि तो हौसेचा खर्च म्हणून मांडा.

त्यातही एक अडचण आहे. एम२१ च्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.२०. मागचा अॅक्सल ऑटोमॅटिकच्या वेळचा ३.०७ असेल, तर गुणाकार ६.७५ येतो. गाडी सिग्नलवरून उठताना क्लच बराच वेळ घसरवावा लागेल आणि तो लवकर जळेल. मन्सीचाच दुसरा प्रकार एम२०, त्याचा पहिला गिअर २.५२, म्हणजे ७.७४. उजव्या अॅक्सल ट्यूबवरचा कोड वाचा आणि चाकांच्या फेऱ्या मोजून खात्री करा. ३.५५ किंवा त्याहून जास्त असेल तर एम२१ ठेवा, नाहीतर एम२० शोधा. खरेदीच्या वेळी इनपुट शाफ्ट बघा : एम२० वर दोन खाचा, एम२१ वर एक, एम२२ वर एकही नाही. काउंटरशाफ्टची पिन केसच्या पुढच्या भोकात सैल फिरत असेल, तर तो बॉक्स घेऊ नका. अॅल्युमिनियम खाल्लेलं असतं आणि तिथून तेल गळतच राहतं.

४०१(के) चं कर्ज साधारणपणे पाच वर्षांत फेडावं लागतं. मधे नोकरी गेली (आणि मिशिगनमधली वाहन कंपन्यांची नोकरी कशी असते ते तुम्हीच जास्त जाणता), तर उरलेली रक्कम त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरावी लागते. नाही भरली तर ती उत्पन्नात धरली जाते आणि तुमच्या वयात वर १० टक्के दंडही लागतो. घर तारण ठेवून मिळणारं एचईएलओसी कर्ज हा पर्यायही डोक्यात आणू नका. ते पैसे गाडीत गेले तर व्याजाची वजावट मिळत नाही.

चार वर्षांनंतरच्या विक्रीवर मुलीची फी बेतू नका. स्वतःच्या वापरासाठीची वस्तू तोट्यात विकली तर तो तोटा करात वजा होत नाही, नफा झाला तर मात्र कर आहे. म्हणून प्रत्येक सुट्या भागाची आणि मजुरीची पावती जपा. ती रक्कम मूळ किमतीत मिळवता येते. वाचलेले ८,६०० डॉलर एकरकमी तुमच्याकडे नाहीत, हे समजतं. पण कर्जाच्या हप्त्याएवढी रक्कम तुम्ही दरमहा काढणारच होतात, तीच मुलीच्या ५२९ या शिक्षण बचत खात्यात टाका.

विमा ‘अॅग्रीड व्हॅल्यू’चा (आधीच ठरवलेल्या किमतीचा) घ्या. अर्जात ‘मूळ ऑटोमॅटिक, फोर-स्पीडमध्ये बदललेली, मूळ इंजिन’ असंच लिहा आणि पॅडचे फोटो जोडा.

शेवटचं, सध्याच्या बॉक्सबद्दल. त्याच्या उजव्या बाजूला तारखेच्या ठशाजवळ ज्या गाडीचा अर्धा नंबर आहे, ती कॅमॅरो कुठेतरी उभी असू शकते, आणि तिच्या मालकाला हाच बॉक्स हवा असेल. एम२० घ्यायचं ठरलं, तर हा बॉक्स भंगाराच्या भावात वर्कशॉपला देऊन टाकू नका. पूर्ण नंबर देऊन कॅमॅरो क्लबांमध्ये जाहिरात द्या. त्या एका माणसाकडून मिळणाऱ्या किमतीत तुमच्या एम२० चा बराचसा खर्च निघू शकतो.