माया लोकांनी शहरं का सोडली?

मध्य अमेरिकेत एवढी मोठी शहरं बांधणारे माया लोक एका रात्रीत गायब कसे झाले, हा तुमचा प्रश्न. एका रात्रीत नाही झाले. ग्वाटेमालाच्या पेतेन भागातली आणि आसपासची शहरं ओस पडायला दीडशे वर्षं लागली. त्यातल्या दोस पिलास शहराचं राजघराणं इ.स. 761 मध्ये बुडालं. तोनिना शहराचा शेवटचा तारखेचा शिलालेख 909 चा आहे.

दुष्काळ हे उत्तर सगळेच देतात, आणि ते खोटं नाही. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातल्या चिचानकानाब तळ्याच्या गाळात त्या काळातले जिप्सम या खनिजाचे थर सापडलेत. पाणी आटलं की जिप्सम असं खाली बसतं. पण उत्तर युकातान तर दक्षिणेहून कोरडा, तरी तिथलं चिचेन इत्सा शहर त्याच सुमारास भरभराटीला आलं! तिथे जमीन खचून तयार झालेल्या नैसर्गिक विहिरी होत्या, त्यांना सेनोते म्हणतात. उलट पेतेनमधल्या तिकाल शहराला नदी नाही, भूजल फार खोल. म्हणून चौकांना चुन्याचा गिलावा करून, उतार देऊन पावसाचं पाणी तलावांत सोडलेलं. सगळं शहर त्या साठ्यावर. राजवाड्याजवळच्या तलावांच्या गाळात पारा आणि विषारी शेवाळाचे अंश मिळालेत. पारा आला इमारतींना फासलेल्या हिंगुळातून, म्हणजे पारा असलेल्या लाल रंगातून, पावसाबरोबर वाहत. म्हणजे पाऊस कमी झाला तेव्हा उरलेलं पाणीही धड नव्हतं.

त्यात लढाया. दोस पिलासला लोकांनी राजवाड्याचेच दगड उपसून तटबंदी उभारली होती.

माझ्या मते मात्र सगळ्यात आधी संपली ती राजाची पत. देवांना रक्त अर्पण करून पाऊस आणणारा तोच, असं मानत. वर्षामागून वर्षं पाऊस आलाच नाही तर त्याच्यासाठी कोण राबणार? होंडुरासमधल्या कोपानला 822 सालचा एक चौकोनी दगड आहे, 'ऑल्टर एल'. एका बाजूवर नवा राजा उकित तोक आधीच्या राजासमोर बसलेला, पूर्ण कोरलेला. दुसऱ्या बाजूचं काम जेमतेम सुरू केलेलं. उरलेल्या दोन बाजू कोऱ्या. कोपानच्या राजांचा त्यानंतरचा तारखेचा एकही दगड नाही.

लोक उत्तरेकडे, किनाऱ्याकडे, तळ्यांकाठी पांगले. पेतेन इत्सा तळ्यातल्या बेटावरचं नोहपेतेन हे माया शहर तर स्पॅनिश फौजेला 1697 पर्यंत जिंकता आलं नाही. आजही लाखो लोक माया भाषा बोलतात, त्याच परिसरात मका पिकवतात.